कोपऱ्यातलं वांगं

नगर जिल्ह्यात कुणाला आजारी पडायचंच असेल, तर त्याने आधी झाडाचा जन्म घ्यावा आणि मग आमच्या भाऊजींच्या गच्चीवर येऊन आजारी पडावं. तिथे झाडाची जेवढी विचारपूस होते तेवढी माणसाची कुठल्या दवाखान्यात होत नाही. टोमॅटोचं खालचं एखादं पान जरा फिकट पडलं की भाऊजी त्याच्यासमोर उकिडवे बसतात, चष्मा कपाळावर चढवतात, पान उलटं करतात, सुलटं करतात, उन्हाकडे धरतात, आणि मग घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन वाईट बातमी सांगावी तशा आवाजात मला सांगतात, "बेबी, शिरा हिरव्या आहेत, पण मधला भाग पिवळा पडलाय. सुरुवात खालून झालीय. मॅग्नेशियम!" मी पन्नाशी ओलांडलेली बाई. संगमनेरात एका ग्रंथालयात नोकरी करते, माझ्या मुलीचं लग्न झालंय. पण भाऊजींच्या लेखी मी अजून त्यांच्या लग्नात नवी परकर-चोळी घालून मिरवणारी करवली, म्हणजे बेबीच. ते माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान.

गावाला मात्र ते 'पी.टी.चे सर'. इथल्याच एका हायस्कुलात त्यांनी उभी हयात पी.टी. शिकवली. गावातले निम्मे डॉक्टर, वकील आणि दुकानदार त्यांच्या शिट्टीवर उठाबशा काढत मोठे झाले, आणि अजूनही सर बाजारपेठेत समोरून आले की भले भले पोट आत घेतात. प्रार्थनेनंतर नखं तपासणं हा त्यांचा खास कार्यक्रम. हात पाठीमागे बांधून ते रांगेतून चालत यायचे, पोरांनी हात पुढे करायचे, आणि सर काही न बोलता पुढे गेले तर त्या पोराला दिवसभर आपण पास झाल्यासारखं वाटायचं. निवृत्त झाल्यावर या सवयीचं काय करायचं, हा प्रश्न पुढे झाडांनी सोडवला. गच्चीवर कुंड्या आणि पिशव्या हातभर अंतर सोडून, उंचीप्रमाणे उभ्या. बुटकी मिरची पुढे, टोमॅटो मधे, काकडीचे वेल मागे भिंतीला. ऊन चढायच्या आत भाऊजी रांगेतून फिरतात आणि एकेक पान तळहातावर घेऊन बघतात. एखादं झाड ओळ सोडून वाकलेलं दिसलं की आधी "ताठ!" म्हणून बघतात. झाड ऐकत नाही. मग काठी बांधतात.

आक्का होती तोवर त्या घरात झाड म्हणजे एक तुळस, आणि तिच्याकडेही भाऊजींनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. मैदानावर ते जेवढे ओरडायचे तेवढेच घरात गप्प असायचे, कारण घरातलं बोलण्याचं खातं आक्काकडे होतं. पाहुणे, शेजारी, कुणाचं बारसं, कुणाची बदली, कुणाशी अबोला धरायचा आणि तो कधी सोडायचा, सगळं तीच बघायची. भाऊजी फक्त "हं" म्हणायचे, आणि तो "हं" कुठल्या जातीचा आहे हे पाहुण्यांना आक्का समजावून सांगायची. ती एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता खाली बसली, ती उठलीच नाही. दिवसकार्य झालं. माणसं आली, रडली, जेवली, गेली. मुलगा पुण्याला कंपनीत, रजा संपल्यावर तोही गेला. आणि मग हळूहळू लक्षात आलं की त्या घरात येणारी सगळी माणसं आक्काची होती. भाऊजींचं म्हणून कुणी येतच नव्हतं. तसं बघितलं तर मीही आक्काचीच. बहीण गेल्यावर मेहुण्याच्या घरी काय निमित्ताने जायचं आणि जाऊन बोलायचं काय, हे मलाही कळेना. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेले. बेल दाबली, पुन्हा दाबली, शेवटी दार ठोठावलं. भाऊजी दार उघडून म्हणाले, "बेल बिघडलीय वाटतं." कधी बिघडली ते त्यांना माहीत नव्हतं. माहीत व्हायचं तरी कसं? दाबलीच नव्हती कुणी.

त्यानंतर एक दिवस त्यांच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून विटा उतरल्या. घर वाढवताहेत की काय म्हणून गल्ली बघायला जमली, तर त्या विटा नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या निघाल्या. कोकोपीट! मोबाईलवर कुणाच्या तरी पॉलिहाऊसमधली ढोबळी मिरची बघून भाऊजींनी त्या मागवल्या होत्या. गच्चीच्या स्लॅबला मातीचं ओझं झेपणार नाही, हे मात्र वजनाला हलकं, असं त्यांचं म्हणणं. आता ही वीट हातात घेतली तर एवढीशी, पण पाण्यात टाकली की चांगली चारपाच पट फुगते. तसं पाकिटावर लिहिलेलं होतं, पण पी.टी.च्या माणसाने पाकीट वाचल्याचं कुणी ऐकलंय? भाऊजींनी न्हाणीघरात टब, बादल्या, कपड्यांची घमेली आणि आक्काचं पुरणाचं पातेलं मांडून सगळ्या विटा एकदम भिजत घातल्या आणि फिरायला गेले. दुपारी मला फोन, "बेबी, न्हाणीघर भरलं." मला वाटलं पाइप फुटला. जाऊन बघते तर दार अर्धंच उघडत होतं, आणि आत गुडघाभर तपकिरी भुसा उसळून बसला होता. भाऊजी दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी त्या चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं.

पुढची पायरी धुण्याची. या भुशात मूळचा खार असतो, तो धुऊन काढावा लागतो, नाहीतर झाडांची मुळं जळतात. भाऊजींनी तो गच्चीवर धुतला, आणि चहाच्या रंगाचं ते पाणी पन्हाळातून थेट शेजारच्या काकूंनी अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. पांढऱ्याशुभ्र कुरडया बघता बघता नाचणीच्या झाल्या. काकू, काका आणि त्यांची सून असे तिघेही भांडायला जिना चढून वर आले. ते भांडायला आले आहेत हे भाऊजींच्या लक्षातच आलं नाही. दारात तीन माणसं एकदम बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिघांना बसवलं, स्वतः चहा केला, तो फार गोड झाला म्हणून पुन्हा केला, आणि कोकोपीट म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. काकू मला नंतर म्हणाल्या, "अगं, भांडायचं राहूनच गेलं. उठायला लागलो की हे म्हणायचे, बसा हो, बसा."

मग सुरू झाले आजार. कोकोपीटमध्ये मातीसारखं स्वतःचं काही नसतं. आपण पाण्यातून जे देऊ तेच झाड खाणार. त्यातही हा भुसा लबाड. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं की आधी आपल्याकडेच धरून ठेवतो, झाडाच्या वाट्याला उरलं तर उरलं. त्यामुळे टोमॅटो पिकायच्या आधीच बुडाशी काळे पडले. मिरचीची नवी पानं वळली. भाऊजींना रसायनशास्त्राचा गंध नव्हता. शाळेत प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध एवढाच की तिच्या काचा त्यांच्या पोरांच्या क्रिकेटने फुटायच्या. पण त्यांनी विचारायला सुरुवात केली. औषधांच्या दुकानदाराला विचारलं, दूध डेअरीत फॅट तपासणाऱ्याला विचारलं, गुडघा दाखवायला गेले त्या डॉक्टरला स्वतःचा गुडघा सोडून टोमॅटोचं बूड दाखवलं. विमा घ्या म्हणून फोन करणाऱ्या कुठल्याशा मुलीला तर त्यांनी एवढा वेळ धरून ठेवलं की शेवटी तीच म्हणाली, "काका, आईला विचारून सांगते." नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी सकाळी सुविचार यायचे, तिथे आता रोज एक रोगट पान येऊ लागलं आणि खाली प्रश्न: 'काय वाटतं?' आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, "मला वाटतं, ग्रुप सोडावा."

याच सुमारास त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाएवढं एक यंत्र आलं. पाण्यात बुडवलं की त्यात खार किती आहे ते आकड्यात सांगणारं. हे यंत्र झाडांच्या पाण्यासाठी होतं, पण खिशातली वस्तू हाताशी असते आणि भाऊजींना हात स्वस्थ ठेवायची सवय नाही. त्यांनी नळाचं पाणी मोजलं, बोअरचं मोजलं, माझ्या घरी जेवायला आले तेव्हा आमटी मोजली. आकडा बघून "बेबी, यात मिरची जळेल," एवढंच म्हणाले आणि दोनदा वाढून घेतली. एका सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजींनी तळहातावर तीर्थ दिलं, तेव्हा ते पिण्याच्या आधी भाऊजींचा दुसरा हात खिशाकडे गेलेला मी बघितला. मी डोळे वटारले म्हणून ते तीर्थ न मोजता पोटात गेलं.

पण सगळ्यात मोठा घोळ त्यांनी मायेने घातला. पान पिवळं दिसलं की मॅग्नेशियम, वळलं की कॅल्शियम, नवी पालवी फिकी दिसली की लोह. एक दिलं आणि उद्यापर्यंत गुण आला नाही की दुसरं. झाडांना खाऊ घालण्याचा असा काही सपाटा लावला की पानांच्या कडा करपल्या आणि गच्चीवरची सगळी पलटण एकदम माना टाकून बसली. तेव्हा त्यांना शब्बीरभाईंचा शोध लागला. शिर्डीच्या रस्त्यावर त्यांची नर्सरी आहे. तिथून आणलेल्या रोपांच्या पिशवीवर नंबर होता, त्यावर भाऊजींनी फोन लावला. शब्बीरभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, झाडं उपाशी न्हाईत. त्यांचं पोट तट्ट फुगलंय. आता कायबी घालू नका. निस्तं पाणी सोडा, भरपूर, पार खालून निथळू द्या. खार उतरला की खात्याल आपोआप." भाऊजींनी तसं केलं. काही दिवसांत नवी पानं हिरवी आली, आणि तेव्हापासून शब्बीरभाई हे त्यांचं हायकोर्ट झालं.

भाऊजींच्या या वेडापायी माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं. स्थळ कर्जतकडचं, लिंबाच्या बागा असलेलं घर. आमच्या बाजूचे वडीलधारे म्हणून भाऊजींना नेलं. ओसरीवर बैठक बसली, पोहे आले, मुलगा समोर येऊन बसला. भाऊजी त्याच्याकडे टक लावून बघत होते. निदान सगळ्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात त्यांची नजर मुलाच्या खांद्यावरून मागे अंगणात लावलेल्या लिंबाच्या झाडावर होती. बराच वेळ बघून त्यांनी एकदम जाहीर केलं, "लोह कमी आहे."

मुलाच्या आईच्या हातातली बशी थबकली. "कुनाला?"

"नवी फूट बघा ना, पार पिवळी. मूळ चांगलं असणार, पण वर काही पोचत नाही."

"आमचा पोरगा दोनी टाइम तांब्याभर दूध पितो!" त्या माउलीचा आवाज चढला. "लोह कमी कशानं आसंल?"

"दुधाने काय होतंय? उलट त्रास वाढेल. पाण्यातला चुना मोडायला पाहिजे, जरा आंबट द्या काहीतरी."

मी डोळे मिटले. लग्न गेलं, असं धरूनच चालले. एवढ्यात मुलाचे वडील मागे वळून बघत हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "आगं, ते लिंबाच्या झाडाचं म्हनत्यात!" मग दोघेही व्याही अंगणात जाऊन झाडाखाली उकिडवे बसले ते जेवायची वेळ झाली तरी उठेनात. लग्न तिथेच ठरलं. फक्त माझी विहीण आजही शंका नको म्हणून माझ्या जावयाला रोज गूळ-शेंगदाणे खायला लावते.

असं सगळं हसण्यासारखं चाललं होतं. आमच्या घरात भाऊजींचा विषय निघाला की आम्ही हसायचो, आणि हसून झालं की आपापल्या कामाला लागायचो. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. ज्या दिवशी झाडं आजारी असत त्या दिवशी भाऊजी खुशीत असत. फोनवर आवाज खणखणीत, "बेबी, वेळ असेल तर येऊन जा, एक केस दाखवायचीय." आणि ज्या दिवशी सगळं हिरवंगार असे त्या दिवशी फोनच नसे. मी कधी आपणहून केला तर म्हणायचे, "सगळं ठीक आहे," आणि पुढे आम्हा दोघांनाही काही सुचायचं नाही. ठीक असलेल्या माणसाशी काय बोलतात? मी "बरं, ठेवते," म्हणायचे.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या सुनेची पाठ धरली आणि मुलाने त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. जाताना गच्चीची किल्ली माझ्याकडे दिली. कुठल्या रांगेला काय द्यायचं, किती पाण्यात मिसळायचं, सगळं तोंडपाठ म्हणवून घेतलं. मग गच्चीच्या टोकाला निळ्या टाकीमागे नेलं. तिथे कोपऱ्यात एका पिशवीत वांग्याचं एकच झाड होतं. पिवळट, खुरटलेलं, पानं अशी की हिवतापातून उठल्यासारखी. "याला फक्त पाणी," भाऊजी म्हणाले. "दुसरं काही घालू नको."

"का हो? याला काय झालंय?"

"त्याला नको," म्हणाले आणि जिना उतरायला लागले.

ते गेल्यावर मी रोज ग्रंथालयातून परतताना गच्चीवर जायचे. बाकीच्या झाडांना खाऊ-पिऊ घालून कोपऱ्यात आले की त्या वांग्याकडे बघवेना. घरात दहा मुलं जेवताहेत आणि एकाला नुसतं पाण्यावर ठेवलंय असं वाटायचं. भाऊजींनी त्याची आशा सोडली असेल, म्हणाले मनात, पण आपण बघू. आणि मी त्यालाही इतरांबरोबर वाढायला लागले. सुरुवातीला काही दिसलं नाही. मग शेंड्याला एक पान आलं, गर्द हिरवं. त्यामागून आणखी आली. भाऊजी परत यायच्या वेळेला त्याला जांभळी फुलं लागली होती. मला इतका अभिमान वाटला की मी त्यांना खाली चहासुद्धा घेऊ दिला नाही, थेट टाकीमागे नेलं. "बघा!"

भाऊजी बघत राहिले. एक पान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मला शाबासकीची अपेक्षा होती. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र शेवटची एस.टी. डोळ्यांदेखत निघून गेल्यावर माणसाचा होतो तसा काहीसा भाव आला. "बरं झालं की," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "छान झालं." आणि पाठ फिरवून टाकीचं झाकण नीट बसवायला लागले. ते नीटच बसलेलं होतं.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. ग्रुपवर पान आलं नाही. आमचे हेसुद्धा एका सकाळी म्हणाले, "भाऊजींचं पान नाही आलं हल्ली. बरे आहेत ना?" मी दोनदा फोन केला. "सगळं ठीक आहे," दोन्ही वेळेला तेच. मला उगाचच आक्काची आठवण येत राहिली. ती असती तर या "ठीक"चा अर्थ तिने समजावून सांगितला असता.

पुढे एका रविवारी आम्ही शिर्डीला निघालो होतो. वाटेत शब्बीरभाईंची नर्सरी लागली तेव्हा मी गाडी थांबवायला सांगितली. मोगरा घ्यायचा होता. शब्बीरभाई पाइपने पाणी मारत होते. पांढरी दाढी, एक पाय जरा ओढत चालणारे. मी सरांची मेहुणी म्हटल्यावर त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली.

"ताई, सरांचा फोन न्हाई, लई दिस झाले. तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. झाडंही सगळी बरी आहेत."

"आन् ते कोपऱ्यातलं वांगं?"

"ते पण बरं झालं. मीच केलं," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

शब्बीरभाईंनी पाइप खाली ठेवला. "तुमी बरं केलं व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले. "आवो ताई, त्या वांग्यावर तर आमचं सगळं बोलनं चाललं हुतं."

मला कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. "बाकी झाडं सरांनी कवाच बरी केली. आता त्यांना माझ्या सल्ल्याची गरज न्हाई. पन फोटो यायचा तो त्या एकाच झाडाचा, मागं ती निळी टाकी. मी म्हनायचो ह्ये घाला, ते घाला. चार दिसांनी परत तेच पिवळं पान. मला काय कळत न्हाई व्हय? सर घालतच नव्हते काई. बरं झालं तर इचारायचं काय, म्हनून ठेवलं हुतं तसंच."

"मग तुम्ही त्यांना बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" शब्बीरभाई हसले. "सर फोन केला की आधी माझ्या गुडघ्याचं इचारायचे. मंग आमच्या घरच्यांच्या शुगरचं. मंग पानाचं. हितं दिसभर गिऱ्हाईक येतं. रोप केवढ्याला दिलं, ह्ये इचारतं आन् जातं. शब्बीर कसा हाय, ह्ये इचारनारा एक मानूस हुता. मला तरी ते वांगं कशाला बरं करायचं हुतं?"

मोगऱ्याचं रोप मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. एक सबंध माणूस एका पिवळ्या पानाला धरून इतके महिने लोकांशी बोलत होता, आणि आम्ही त्याला छंद म्हणत होतो.

निघताना शब्बीरभाई म्हणाले होते, "तुमी काय बोलू नका त्यांना. मी बघतो." आणि त्यांनी बघितलं. दोनच दिवसांनी भाऊजींचा मला फोन, आवाज खणखणीत. "बेबी, शब्बीरच्या ट्रेमधल्या रोपांना काहीतरी झालंय. म्हणतो, सर, तुमच्याच नजरेला कळेल. मी जाऊन येतो." शब्बीरभाईंची रोपंही कोकोपीटमध्येच असतात. भाऊजी सकाळच्या एस.टी.ने गेले, दिवसभर तिथेच राहिले, तिथेच जेवले. संध्याकाळी मला सांगितलं, "रोपं ठणठणीत आहेत. शब्बीर उगाच घाबरतो." मग जरा थांबून म्हणाले, "पण पुन्हा एकदा बघून यायला पाहिजे. येत्या गुरुवारी." रोपांना खरंच काही झालं होतं की नाही, हे मी शब्बीरभाईंना कधी विचारलं नाही.

आता ते गुरुवारी तिकडे जातात. शब्बीरभाई सांगतात, गिऱ्हाइकांनाही ते रांगेत उभं करतात आणि घरच्या झाडांची चौकशी करून मगच रोप देऊ देतात. एकदोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली, पण चालतंय. तरी आठवड्यात गुरुवार एकच येतो. बाकीच्या दिवसांचं काय करायचं हे शब्बीरभाईंच्या हातात नाही.

म्हणून एका संध्याकाळी मी ग्रंथालयातून सुटल्यावर घरी न जाता त्यांच्या गच्चीवर गेले. हातात डबा नव्हता, कसलं आमंत्रण नव्हतं. भाऊजी मिरचीपाशी उभे होते, मला बघून एकदम घाबरले.

"काय झालं? काही बिघडलं का?"

"काही नाही. सहज आले."

"सहज?" त्यांनी हा शब्द असा उच्चारला, जणू तो त्यांच्या ओळखीतला होता पण बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. मग लगबगीने खाली जाऊन दोन खुर्च्या आणल्या, त्या हातभर अंतरावर मांडल्या, थोडं थांबून एक जरा जवळ ओढली. आम्ही बसलो. बोलायला काही नव्हतं. सगळी झाडं बरी होती. कोपऱ्यातल्या वांग्यालाही वांगी धरली होती. भाऊजींनी दोनदा घसा साफ केला, खिशातलं यंत्र काढून बघितलं, परत ठेवलं. मीही आक्काची गोष्ट काढावी की नको या विचारात होते. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. प्रवरेच्या बाजूला आभाळ आधी तांबडं, मग करडं झालं. खालच्या घरांत दिवे लागले. कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारली.

मी उठले तेव्हा भाऊजीही उठले आणि जिन्यापर्यंत आले. मी दोन पायऱ्या उतरले असेन.

"बेबी."

"काय?"

"उद्या येशील?" ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आतच घाईघाईने म्हणाले, "म्हणजे, काम असं काही नाही."

"येईन," मी म्हटलं. "काम नसलं तरी येईन."

त्यांनी मान हलवली. मी खाली पोचून रस्त्याला लागले तरी ते गच्चीच्या कठड्याशी उभे होते. अंधारात चेहरा दिसत नव्हता. मी हात केला. थोड्या वेळाने, सवय नसलेल्या माणसासारखा, त्यांनीही केला.